विनीताचा वाटा

विनीता खांबेटे सिंगापूरला आली ती रबरामुळे. मिरजेच्या एका रेल्वे गार्डाची ही मुलगी. माटुंग्याला रबराचं शास्त्र शिकली आणि पुढे बरीच वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात हवा भरून फुगवायच्या होड्यांचं कापड तपासत राहिली. कापड नुसतं दोन बोटांत चुरगाळलं की हिला त्याचं वय कळतं, असं तिथले लोक कौतुकाने सांगायचे. ती स्वतः मात्र म्हणायची, "कळत नाही, म्हणून तर मशीन घेतलंय." बोलणं असं तुटक, आवाज मोठा, आणि कोणी चुकीचं बोललं की तिथल्या तिथे दुरुस्त करायची खोड. अशा बाईला मैत्रिणी कमी असतात.

२०१० साली निशिकांत पारसनीसांनी तिला सिंगापूरला बोलावून घेतलं. ते तिथल्या एका कंपनीचे जनरल मॅनेजर होते. कंपनीचं काम जहाजांवरचे लाइफराफ्ट तपासण्याचं. जहाज बुडायला लागलं की समुद्रात टाकायचा आणि दोरी ओढली की आपोआप फुगणारा तो छपराचा तराफा. एरवी तो पिंपासारख्या पांढऱ्या डब्यात घडी घालून जहाजाच्या कडेला बांधलेला असतो. वर्षातून एकदा तो वर्कशॉपमध्ये आणायचा, उघडायचा, हवा भरून कुठे गळतो का ते बघायचं, गॅसचं नळकांडं तपासायचं, आतलं पिण्याचं पाणी आणि बिस्किटं बदलायची, पुन्हा घडी करून डबा बंद करायचा आणि वर तपासणीचा स्टिकर लावायचा. विनीता तिथे क्वालिटी मॅनेजर झाली. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, तिच्या नावावर, आणि तिच्या पासच्या आधाराने मुलीचा, ऋताचा, डिपेंडंट पास. नवरा अभय मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर. सहा महिने बोटीवर, मग काही आठवडे बेडोकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि पुन्हा बोट.

परक्या गावात पारसनीस कुटुंब म्हणजे तिचं माहेरच झालं होतं. फ्लॅट शोधून दिला तो निशिकांतदादांनी. ऋताला डेंग्यू झाला तेव्हा अभय ब्राझीलच्या वाटेवर होता. चार दिवस हॉस्पिटलात विनीताच्या बरोबरीने बसले ते निशिकांतदादा, आणि दोन वेळचा डबा आला तो त्यांच्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या, हातचा. बिशानच्या त्यांच्या घरी दर दिवाळीला फराळाला जायचं हे ठरूनच गेलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवायला हवं. कारण पुढे जे झालं ते एखाद्या अनोळखी साहेबाच्या विरुद्ध असतं तर विनीताला इतकं जड गेलं नसतं.

२०१२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कंपनीचा फॅमिली डे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर होता. बार्बेक्यू, मुलांच्या शर्यती, आणि शेवटी दरवर्षीसारखा तराफा उघडून दाखवण्याचा कार्यक्रम. त्यासाठी वर्कशॉपमध्ये एक जुना तराफा राखून ठेवलेला असायचा. लॉरीवाल्याने त्या दिवशी घाईत भलताच डबा उचलला. पांढरे डबे सगळे सारखेच. निशिकांतदादांनी दोरीचं टोक ऋताच्या आणि इतर मुलांच्या हातात दिलं. मुलांनी जोर लावून ओढलं. डबा फुटला, फुस्स आवाज आला, नारंगी कापडाची एक बाजू हातभर वर आली आणि कुठेतरी टरकन फाटून ओल्या चादरीसारखी वाळूवर पडली.

मुलं खो खो हसली. मोठी माणसंही हसली. निशिकांतदादा म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा. चला, आइस्क्रीम आलंय."

विनीता तेवढी जवळ गेली. कापडाचे थर एकमेकांना चिकटून बसले होते. वेगळे करायला गेली तर वरचा लेप पापुद्र्यासारखा हाताला आला. उघडून हवा भरलेला तराफा असा चिकटत नाही. याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. तिने डब्याचा अर्धा तुकडा उलटा करून पाहिला. वरती ताजा रंग, आणि त्याच आठवड्याच्या तारखेचा तपासणीचा स्टिकर. खाली जहाजाचं नाव होतं. अमेरिकन सरकारच्या आरमाराला रसद पोचवणाऱ्या जहाजांपैकी एक. तो तराफा सोमवारी जहाजावर परत जायचा होता.

अमेरिकन काम कंपनीत वेगळं चालायचं. त्याची शेड वेगळी, माणसं वेगळी, सगळं थेट निशिकांतदादांच्या हाताखाली. विनीताकडे त्यातलं काहीच यायचं नाही. फक्त बाहेर पडणाऱ्या सर्टिफिकेटवर शिक्का तिच्या विभागाचा असायचा.

सोमवारी ती त्या शेडमध्ये गेली. तिथे सेल्वम होता. नागपट्टणमचा, पन्नाशीचा, हाताने तराफ्याची घडी घालण्यात कंपनीत सर्वांत जुना. वर्क परमिटवर आलेला माणूस. साहेब लोकांशी बोलताना नजर खाली. तिने त्याला सरळच विचारलं, "सेल्वम, हे डबे तुम्ही उघडता का?"

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मग त्याच्या हिंदी-इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, आम्हाला उघडायला सांगत नाहीत. धुवायचं, रंग द्यायचा, नवीन पट्टी मारायची, स्टिकर. चार-पाच वर्षं झाली."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"तुम्हीपण आज पहिल्यांदा विचारताय, मॅडम."

ते तिला लागलं. पण खोटं नव्हतं. दोघांनी मिळून तिथले तीन डबे उघडले. एकातल्या पाण्याच्या पिशव्या फुटून वाळून गेल्या होत्या. दुसऱ्याचं गॅसचं नळकांडं रिकामं होतं. तिसरा बरा होता, निदान दिसायला. विनीताने मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढले, आणि बराच वेळ ती त्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे अभयचं जहाज येत होतं. त्याच्या जहाजावरचे तराफे कुठल्या बंदरात, कोणत्या शेडमध्ये तपासले जात असतील, याचा विचार तिने त्याआधी कधी केला नव्हता.

त्याच दिवशी ती निशिकांतदादांच्या केबिनमध्ये गेली. फोटो दाखवले. त्यांनी एकेक नीट पाहिला, मोबाइल परत दिला आणि चहा मागवला.

"विनीता, ही जहाजं महिनोन्‌महिने बंदरात उभी असतात. त्यांचे तराफे आजवर कधी पाण्यात गेलेत का?"

"जातील तेव्हा काय, दादा?"

"काम एवढं येतं की माणसं पुरत नाहीत. नाही म्हटलं तर कंत्राट जातं. या छताखाली चाळीस घरं जगतात. त्यात तुझंही आहे."

"मग निदान तपासलं असं लिहू नका. न तपासलेल्या कामाचं बिल लावू नका."

ते हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. म्हणाले, "बरं. मी बघतो. थोडा वेळ दे."

तिने वेळ दिला. दिवाळीला बिशानला फराळालाही गेली. डिसेंबरमध्ये तिने पुन्हा त्या शेडमध्ये डोकावलं, तर रंगाचा वास येत होता आणि ओळीने पांढरे डबे वाळत ठेवलेले होते. सेल्वमने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती दुसऱ्यांदा केबिनमध्ये गेली. या वेळी चहा आला नाही. निशिकांतदादा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझा पास कोणाच्या अर्जावर आहे, हे तुला ठाऊक आहे. ऋताची शाळा छान चाललीय. मी तुझ्या थोरल्या भावासारखा सांगतोय, हा विषय सोड."

विनीता घरी आली. जेवण केलं, ऋताचा अभ्यास घेतला. दुसऱ्या दिवशी अभयचा फोन आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. अभय हा मुळात कमी बोलणारा. सगळं ऐकून तो म्हणाला, "आमच्या बोटीवर मागे गोव्याचा एक ऑइलर होता, इंजिनरूममधला खलाशी. त्याच्या आधीच्या जहाजावर समुद्रात गुपचूप तेल सोडायचे. त्याने अमेरिकेच्या बंदरात सांगितलं. कंपनीला दंड झाला आणि कोर्टाने त्या दंडातला वाटा त्याला दिला."

"मला वाटा नकोय. मला ते डबे उघडलेले हवेत."

"मी कुठे म्हणतोय, वाट्यासाठी कर. मी म्हणतोय, तिथे ऐकून घेणारं कोणीतरी आहे."

अमेरिकेत हा कायदा जुना आहे. त्यांच्या यादवी युद्धात म्हणे व्यापारी सैन्याला आजारी खेचरं विकायचे आणि बारुदाच्या पिंपांतून भुसा पाठवायचे. सरकारला प्रत्येक पिंपात डोकावणं शक्य नव्हतं. म्हणून कायदा झाला की सरकारला फसवणाऱ्यावर कोणीही सामान्य माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकेल, आणि पैसे वसूल झाले तर त्याला त्यातला वाटा मिळेल. तो माणूस अमेरिकन असलाच पाहिजे असंही नाही. विनीताने हे सगळं वाचून काढलं आणि अशा दाव्यांचं काम करणाऱ्या बाल्टिमोरच्या एका वकीलबाईंना लिहिलं. हॅनिगन त्यांचं नाव. ऋता शाळेच्या बसमध्ये बसली की विनीता लॅपटॉप उघडायची. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची.

हॅनिगनबाईंनी पहिल्याच दिवशी काहीही गोड करून सांगितलं नाही. दावा सीलबंद राहील. सरकार गुपचूप चौकशी करेल. त्याला वर्षं लागतील. तोवर नवऱ्याखेरीज कोणाकडेही अवाक्षर काढायचं नाही. नोकरी जाऊ शकते, आणि शेवटी हाती काहीच न येण्याची शक्यताही आहे. "सरकार दाव्यात उतरलं आणि जिंकलं, तर तुमचा वाटा पाव हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो," त्या म्हणाल्या.

विनीताने विचारलं, "चौकशीला वर्षं लागतील, म्हणजे तोपर्यंत ते तराफे जहाजांवरच राहणार?"

वकीलबाईंनी तो प्रश्न लिहून घेतला. बहुतेक लोक या जागी वाट्याचा हिशेब विचारायचे.

"मी सही करते," विनीता म्हणाली, "पण कोणकोणत्या जहाजांवर कोणते डबे गेलेत ते त्यांना आधी कळू द्या. दावा नंतर. त्याने माझा वाटा कमी होत असेल तर होऊ दे."

वाटा त्याने कमी होत नव्हता, पण हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने जे मागितलं ते नुकसान सोसायची तयारी ठेवून मागितलं होतं. २०१३ च्या मार्चमध्ये दावा दाखल झाला. मे महिन्यात वर्कशॉपमध्ये कुजबुज सुरू झाली की अमेरिकन जहाजांचे बरेच तराफे दुसऱ्याच कुठल्या बंदरात अचानक उतरवून घेतलेत, नेहमीची तपासणी म्हणून. विनीता त्या वेळी कँटीनमध्ये होती. तिने हातातला चमचा खाली ठेवला, आणि समोरच्या ताटातला भात तसाच सोडून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिली. बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सहा महिन्यांनी तिची नोकरी गेली. निशिकांतदादांना दाव्याचा पत्ता नव्हता, पण ही बाई गप्प बसणारी नाही हे त्यांना कळलं होतं. "कंपनी लहान करतोय" असं सांगून त्यांनी तिला निरोपाचा केकही कापायला लावला. नोकरी गेली म्हणजे पास गेला, आणि पास गेला म्हणजे महिन्याभरात देश सोडायचा. ऋता चौथीत होती आणि सख्ख्या बहिणी असाव्यात तशा तिच्या मैत्रिणी बेडोकच्या त्याच ब्लॉकमध्ये होत्या. तेव्हा अभयने एक गोष्ट केली. बोट सोडली. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात सुपरिंटेंडंटची नोकरी घेतली, स्वतःच्या नावावर पास मिळवला आणि बायको-मुलीला त्यावर घेतलं. वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस एसीत बसून ईमेल लिहायला लागला. किनाऱ्यावर त्याला धड झोप यायची नाही. तो बोलला कधीच नाही, पण रविवारी सकाळी चांगी पॉइंटच्या धक्क्यावर जाऊन पुलाउ उबीन बेटाकडे जाणाऱ्या लहानशा लाकडी मोटरबोटीत बसायचा, बेटावर न फिरता त्याच बोटीने परत यायचा. बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकायला जात असावा. विनीताला हे कळत होतं, आणि ते तिच्या मनाला बोचत होतं.

त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षं ही या गोष्टीतली सर्वांत अवघड. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच घडत नव्हतं. खलाशांना समुद्रात जीव वाचवायचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत विनीता शिकवायला लागली. पोहण्याच्या तलावात उलटा पडलेला तराफा सरळ कसा करायचा, आत कसं चढायचं. पगार निम्मा. गणपतीला, संक्रांतीला मराठी मंडळी भेटायची, आणि त्यात पारसनीसही असायचे. सुलभावहिनी आपल्या हाताने तिच्या पानात मोदक वाढायच्या. "तुझी नोकरी गेली त्याचं मला फार वाईट वाटलं गं," असं मनापासून म्हणायच्या. आणि त्या मोदकावर तूप घालून घेताना विनीताला माहीत असायचं की बाल्टिमोरच्या कोर्टात एका सीलबंद दाव्यात या बाईच्या नवऱ्याचं नाव आहे, आणि ते आपण घातलंय. तिने भेटीगाठी टाळल्या असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं. पण ती जात राहिली. अभयने एकदा विचारलं, "कशाला जातेस? त्रास करून घ्यायला?"

"नाही गेले तर वाटेल, मी काहीतरी लपूनछपून केलंय."

"लपूनच केलंयस."

"कोर्टाने लपवायला सांगितलंय. मी दादांना दोनदा तोंडावर सांगितलंय."

सेल्वमचं परमिट २०१४ मध्ये संपलं आणि तो गावी गेला. जायच्या आधी विनीता त्याला भेटली होती. त्याला एवढंच विचारता आलं की, वेळ आली तर जे पाहिलं ते सांगशील का. त्याने कोणाला, कशासाठी, हे विचारलं नाही. म्हणाला, "माझं नाव येईल?" तिने खरं ते सांगितलं, "येईल." तो हो म्हणाला. पुढे चेन्नईत अमेरिकन अधिकाऱ्यांपुढे त्याने दोन दिवस साक्ष दिली; साक्षीत काय काय सांगितलं ते विनीताला पुष्कळ नंतर कळलं. डबे कोणी धुतले, रंग कोणी आणला, स्टिकर कोण पाठवायचं, सगळं. स्वतःचा हात त्यात किती होता तेही त्याने झाकलं नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात दाव्याचं सील निघालं. अमेरिकन सरकार दाव्यात उतरलं होतं. कंपनीने खटला न लढता मोठी भरपाई देऊन तडजोड केली. सिंगापूरचं वर्कशॉप बंद झालं. निशिकांतदादांवर वैयक्तिक खटला झाला नाही, पण त्या धंद्यात त्यांना पुन्हा कोणी उभं केलं नाही. आणि दावा लावणारीचं नाव, तिला मिळालेल्या रकमेसकट, इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला मिळालं.

गणपतीच्या आरतीला विनीता हॉलमध्ये शिरली तेव्हा बायकांची बोलणी थांबली. ज्या चाळीस घरांबद्दल निशिकांतदादा बोलले होते त्यातली पाच-सहा इथलीच होती. आरती झाली. सुलभावहिनी सगळ्यांसमोर तिच्याकडे आल्या.

"तीन वर्षं माझ्या हातचं खात होतीस," त्या म्हणाल्या. "आणि आत हे चाललं होतं."

"हो, वहिनी. मला सांगता येत नव्हतं."

"पेपरात आलाय तो आकडा खरा आहे?"

"खरा आहे. वकिलांचे आणि टॅक्सचे गेले की बराच कमी होतो, पण तुम्हाला छापलेलाच धरायचा असेल तर धरा."

"आणि तू तो घेतलास. लाज नाही वाटली?"

विनीताचा आवाज मुळातच मोठा. त्या शांत हॉलमध्ये तो सगळ्यांना ऐकू गेला. "तराफ्यांवर माझा शिक्का होता त्याची वाटली होती. पैशाची नाही वाटली. आमचं घर तीन वर्षं अर्ध्या पगारावर चाललं, वहिनी. अभयने बोट सोडली. कायद्याने दिलेत, मी घेतलेत."

ती प्रसाद घेऊन निघाली. घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये तेरा वर्षांची ऋता म्हणाली, "आई, यू नेव्हर से एनीथिंग टू मी. पारसनीस अंकल सॅट विथ मी इन हॉस्पिटल, यू नो."

"माहितेय," विनीता म्हणाली. "ते खरंच बसले होते. तेही खरं आणि हेही खरं." ऋता खिडकीकडे तोंड करून बसली. आठवडाभर ती आईशी धड बोलली नाही. मग एक दिवस शाळेतून आली आणि विचारलं, "दॅट राफ्ट आय पुल्ड, ॲट द बीच. दॅट वन अ रिअल शिपचा होता?" विनीता हो म्हणाली. ऋताने दप्तर खाली ठेवलं आणि आपणहून आईजवळ सोफ्यावर येऊन बसली.

पुष्कळांनी तिला सुचवलं की पैसे दान करून टाक, म्हणजे तोंडं बंद होतील. मधुवंती नावाची तिची एक जुनी मैत्रीण तर संस्थांची नावंच घेऊन आली. विनीताला ते पटलं नाही. ती म्हणाली, "दान केले तर मी चूक केली असं मीच कबूल केल्यासारखं होईल." मात्र एका गोष्टीमुळे तिला चैन पडेना. कायदा वाटा देतो तो दावा लावणाऱ्याला. साक्षीदाराला नाही. सेल्वमला एक छदामही मिळणार नव्हता.

ती अभयला घेऊन नागपट्टणमला गेली. सेल्वम बंदराजवळ जाळी दुरुस्त करत होता. वाटेत तिने ठरवलं होतं, एक तृतीयांश द्यायचे. सगळं ऐकून सेल्वम शांतपणे म्हणाला, "मॅडम, अर्धे."

अभयने चमकून पाहिलं. सेल्वमने नजर खाली केली नाही. सिंगापुरात हा माणूस असा बघायचा नाही. "तुम्ही फोटो काढले. उघडून मी दिले. चेन्नईला मी गेलो. माझं परत परमिट होणार नाही, कोणत्याच कंपनीत."

"टॅक्स मी भरलाय," विनीता म्हणाली. "उरलेल्याचे अर्धे."

"उरलेल्याचे," सेल्वमने मान्य केलं.

परतीच्या गाडीत नवराबायकोचं भांडण झालं. अर्धे म्हणजे फार झाले, असं अभयचं म्हणणं. बोट त्याने सोडली होती, त्याचं काय, हे तो बोलला नाही, पण त्याला तेच म्हणायचं होतं. विनीताने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "आता आपल्याला तुझ्या ऑफिसच्या पगाराची गरज नाही. तू परत बोटीवर जा." अभय तिच्याकडे बघत राहिला. पुढच्याच वर्षी त्याने एका टँकरवर चीफ इंजिनियर म्हणून करार केला. विनीताला तोवर संस्थेने स्वतःच्या अर्जावर पास मिळवून दिला होता. ती तिथली मुख्य शिक्षिका झाली होती. सेल्वमने भावाबरोबर मोठी यांत्रिक नाव घेतली. त्याचा फोन येतो, बहुतेक वेळा डिझेलच्या भावाबद्दल तक्रार करायला.

२०१९ च्या सुरुवातीला, एका शनिवारी सकाळी, बेडोकच्या मार्केटमध्ये मासे घेताना विनीताला शेजारी ओळखीचा आवाज आला. सुलभावहिनी चिनी मासेवालीला आकडे बोटांनी समजावत होत्या. पारसनीस आता नाशिकला राहत होते. मुलगी तन्वी इथेच दिलेली, तिच्या बाळंतपणाला वहिनी आल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि टाळण्याइतकी जागा त्या अरुंद वाटेत नव्हती.

"ऋता कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

"पॉलिटेक्निकला जायचं म्हणतेय. दादा?"

"बरे आहेत. गुडघे दुखतात." वहिनींनी पापलेट उलटंसुलटं करून पाहिलं, परत ठेवलं. "अजून म्हणतात, विनीताने एकदा मला नीट सांगायला हवं होतं."

"मी दोनदा सांगितलं होतं, वहिनी."

"माहितेय मला." सुलभावहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "दोन्ही वेळेला त्यांनी घरी येऊन मला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांचं मन डळमळलं होतं. मीच म्हटलं, सोडा, ती काय करणार आहे."

विनीताने वहिनींच्या हातातली जड पिशवी घेतली, आणि दोघी तन्वीच्या ब्लॉकच्या लिफ्टपर्यंत बाळाच्या वजनाबद्दल बोलत गेल्या. वर ये, असं वहिनी म्हणाल्या नाहीत, आणि विनीतानेही तशी वाट पाहिली नाही. लिफ्टचं दार बंद होताना त्यांनी नुसता हात वर केला. विनीता बसस्टॉपकडे निघाली. संस्थेत त्या दिवशी नव्या कॅडेट्सची बॅच होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना अजून पोहायला येत नव्हतं.